मस्कतच्या कस्टमपुढं आमचं गाव

परदेशी निघालेल्या माणसाला लोक विचारतात, तिकडं ऊन किती, भाज्या मिळतात का. मला लातुरात जो भेटेल तो एकच विचारायचा, "लॅपटॉपमध्ये काय काय आहे?"

मी लातूरच्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवत होते. त्या दिवसांत आमच्या गल्लीत राहायला घर मिळणं मुश्कील आणि क्लास मिळणं सोपं, अशी अवस्था होती. भिंती डॉक्टर झालेल्या पोरांच्या फोटोंनी भरलेल्या. सकाळी सहाला नांदेड, बीड, परभणीची पोरं पाठीला दप्तरं लावून रस्त्यानं अशी निघायची की जत्राच म्हणावी. माझे मिस्टर दत्ता मस्कतला एका बांधकाम कंपनीत फोरमन. तिथल्या भारतीय शाळेत मला नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड हलवायचं ठरलं. सासूबाईही बरोबर येणार होत्या. त्यांना मी मामीच म्हणते. देवणीकडच्या त्या. लातूर सोडून पुढं त्या कधी गेल्या नव्हत्या आणि आता निघाल्या त्या एकदम समुद्रापलीकडं.

माझ्या लॅपटॉपमध्ये माझी सगळी शिकवणी होती. धडावार चित्रं, धडधडणारं हृदय, पेशी दुभंगताना दाखवणाऱ्या छोट्या फिल्मा. कुठून कुठून गोळा करून, मराठी नावं देऊन, रात्रीचा दिवस करून मी ते जमवलं होतं. आमच्या क्लासमधले केमिस्ट्रीचे कदम सर एक दिवस खडू झटकत म्हणाले, "मॅडम, तिकडं विमानतळावर सगळं उघडून बघत्येत बरं का. माझ्या साडूच्या मित्राचा कंप्युटर ठेवून घेतला तो घेतलाच. तुमचा तो प्रजननाचा धडा, त्यात चित्रं हायत ना?"

"चित्रं नसतील तर शिकवू कसं, सर?"

"मला पटतंय हो. पण तिकडच्या साहेबाला पटायला पाहिजे ना."

झालं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. दत्ताला फोन केला तर तो म्हणाला, "कधी बघतात, कधी बघत नाहीत. कॅसेटी आणि सीड्या मात्र बघतात म्हणे." या 'म्हणे'नं मला जास्तच घाबरवलं. निघायच्या दिवशी कदम सरांनी जाड कागदात गुंडाळलेलं एक पुडकं हातात दिलं. "विरंगुळा म्हणून राहू द्या," म्हणाले. गडबडीत ते मी न उघडताच बॅगेत कोंबलं.

पण खरी काळजी लॅपटॉपची नव्हती. ती काय होती ते सांगते.

माझे वडील, अण्णा, यांचा औशात फोटो स्टुडिओ होता. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग त्या भागात पहिल्यांदा त्यांनीच सुरू केलं. आमचं मूळ गाव तेरणेकाठी. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात गावात माझ्या आत्याचं लग्न झालं आणि अण्णांनी सख्ख्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग स्वतः केलं. चतुर्दशीच्या रात्री गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे जमीन हलली. आम्ही स्टुडिओमुळं औशात राहत होतो म्हणून वाचलो. आत्या सासरी मुखेडला होती म्हणून वाचली. आजी, आजोबा, चुलते, चुलती सगळे त्या जाड दगडी भिंतींखाली गेले. गाव पुढं लांब दुसरीकडं वसलं. सरळ रस्ते, सारखी घरं, घरांना नंबर. जुन्या गावाचा एखादा फोटोसुद्धा कुणाकडं उरला नव्हता. होती ती अण्णांच्या कपाटात धोतरात गुंडाळलेली ती एक कॅसेट. त्यांनी ती कधी लावली नाही. आम्हीही कधी विषय काढला नाही.

मी जायचं ठरल्यावर अण्णांनीच ती बाहेर काढली. फितीला बुरशी धरली होती. म्हणाले, "नांदेडात मुजीबकडं दे, कंप्युटरवर उतरवून देतो म्हणतोय. मग तुझ्यापाशीच ठेव. मला न्हाई बघवायचं. पण सडून जाऊ ने."

नांदेड

लातूरहून अहमदपूर, लोह्यावरून एसटीनं नांदेडला उतरलो. मुजीबभाई अण्णांचे धंद्यातले जुने दोस्त. वजिराबादेत त्यांचं व्हिडिओचं दुकान. मी नवी हार्ड डिस्क आणि कॅसेट आधीच त्यांच्याकडं पाठवली होती. दुपारचं जेवण त्यांच्याच घरी ठरलेलं. तहरीचा, म्हणजे मटण घातलेल्या भाताचा वास जिन्यापर्यंत आला आणि माझ्या लक्षात आलं, मामींचा सोमवार! मी कसनुसं तोंड करून सांगितलं. मुजीबभाईंच्या बेगम आत गेल्या, आणि थोड्या वेळानं शेंगदाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी घेऊन बाहेर आल्या. "हमारे पडोस में सब करते ना उपवास," म्हणाल्या. मामी अर्धा तास त्यांच्याशी बोलत बसल्या. या मराठीत, त्या दखनीत. कुणाचंच काही अडलं नाही.

जेवण झाल्यावर मुजीबभाईंनी हार्ड डिस्क माझ्या हातात दिली. पानाच्या डब्यापेक्षा लहान. "बेटा, उतरलं बघ सगळं. पण एक सांगून राहिलो, कॅसेट आता गेली. शेवटाला फीत आतल्या आत तुटली. माझ्या कंप्युटरात जागा न्हवती म्हणून थेट तुझ्याच डिस्कवर घेतलं. आता जे हाय ते हेच हाय."

"मग एक सीडी काढून तुमच्याकडं ठेवू या ना, चाचा. आत्ताच."

ते वर पंख्याकडं बघून हसले. पंखा थांबला होता. "लाइट सकाळपासून न्हाई. सहाला येणार. तुझी गाडी तर त्याच्या आधीच निघणार."

त्या भारनियमनाला मी आयुष्यात इतक्या शिव्या कधी दिल्या नव्हत्या. मुजीबभाईंनी डिस्क एका मऊ फडक्यात गुंडाळून दिली. "फिकर करू नको. अण्णाला सांग, मुजीबनं अमानत पोचवली."

आता पोचवायची जबाबदारी माझी होती. आणि कस्टमवाले कॅसेटी बघतात, हे दत्ताचं वाक्य डोक्यात घण घालत होतं. आमचं अख्खं गाव माझ्या पर्समध्ये होतं आणि ते परक्या माणसानं एका टेबलावरून उचलून आत नेलं असतं, तर मी कुणाकडं दाद मागणार होते?

धर्माबादच्या अलीकडं आणि पलीकडं

हैदराबादच्या गाडीत खिडकी मिळाली. मुदखेड गेलं, उमरी गेलं. मी लॅपटॉप उघडला. आधी लग्नाची फाइल त्यात उतरवून घेतली. पण लॅपटॉपही त्याच दारातून जाणार होता, त्यामुळं त्याचा आधार किती? निदान साहेबांना भडकवेल असं काही आपल्याजवळ नको, असं मनात आलं. प्रजननाचा धडा काढून टाकला तर बाकीचं तरी वाचेल. मी त्या फायली एकेक निवडत होते. बोट पुसायच्या बटणावर होतं.

तेवढ्यात धर्माबाद आलं. फलाटावर लाल मिरचीच्या पोत्यांची थप्पी. दोन पोती कुणीतरी आमच्याच डब्यात चढवली आणि त्यातलं एक उसवलेलं निघालं. सगळा डबा शिंकायला लागला. पलीकडचे एक आजोबा शिंकता शिंकता हसत होते आणि हसता हसता शिंकत होते. मामींनी पदर नाकाला लावला आणि माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावल्या.

"काय करायलीस गं?"

"हा धडा पुसतेय मामी. तिकडं चालणार नाही म्हणतात."

"कशाचा हाय?"

मी सांगितलं. बाईचं शरीर, पाळी, मूल कसं राहतं, कसं वाढतं. हळू आवाजात सांगितलं, कारण शेजारी माणसं होती. मामींनी नाकावरचा पदर काढला. मग म्हणाल्या, "मला पयल्यांदा पाळी आली तवा मी रानात व्हते. वाटलं, आतून काय तरी फुटलं, आता मी मरते. दोन दिस कुणाला बोलले न्हाई. बैलाच्या गोठ्यात बसून रडले. मायनं बी सांगितलं न्हवतं, कुणीच न्हाई." मग माझ्याकडं वळल्या. "तू सांगतीस न्हवं पोरींना?"

"सांगते."

"मग पुसायलीस कामून?"

हा धडा शिकवायच्या दिवशी मुलं मागच्या बाकावर खुसखुसायची आणि मुली वहीत डोकं घालून बसायच्या. पण तास संपल्यावर एखादी तरी मुलगी जिन्यात गाठायची आणि जे आईला विचारता येत नाही ते मला विचारायची. त्या सगळ्या मला आठवल्या. मी फायली तशाच ठेवल्या आणि लॅपटॉप मिटला. बासरजवळ गाडी गोदावरीच्या पुलावर आली. मामींनी हात जोडले. मीही जोडले. भीती गेली नव्हती, पण निदान ठरलं होतं.

हैदराबाद

मुक्काम दत्ताच्या एका मित्राकडं. बिर्याणी खाऊ घालून त्यानं सल्ला दिला की डिस्क इथून कुरिअरनं औशाला पाठवा, कटकटच नको. मी रात्रभर विचार केला. सकाळी त्याला नाही म्हटलं. कुरिअरच्या पोत्यात ती कुठं पडली, कुठं आपटली, मला काय कळणार? हरवायचीच असेल तर माझ्या डोळ्यांसमोर हरवू दे. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही हट्टी आहात." मामी म्हणाल्या, "तशीच हाय ती."

विमानाबद्दल फार लिहीत नाही. मामींनी चढताना पायरीला हात लावून नमस्कार केला आणि मग सगळा प्रवास डोळे मिटून बसल्या. हवाईसुंदरीनं त्यांना काय हवं विचारलं, तर डोळे न उघडता "खाली कवा उतरतो ते इचार," एवढंच म्हणाल्या.

मस्कत

उतरताना खिडकीतून डोंगर दिसले. नुसता दगड, तपकिरी, उघडा. गवताची काडी नाही. आमच्याकडचा उन्हाळ्यातला माळ मला वाटायचा की याहून कोरडं काही नसेल. मामी म्हणाल्या, "एक बी बाभळ न्हाई गं. हितली शेरडं काय खात असतील?"

सामान आलं. बाहेर काचेपलीकडं दत्ता हात हलवताना दिसला. आणि नेमक्या त्याच वेळी आमची मोठी बॅग यंत्रातून जाताना थांबली. पांढरा पायघोळ झगा घातलेल्या एका तरुण अधिकाऱ्यानं बोटानं बाजूला या असं खुणावलं. मी पर्स छातीशी धरली.

पहिल्यांदा निघाला काळा मसाला. त्यानं डबा उघडून वास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, डबा बंद केला. मग निघालं कदम सरांचं पुडकं. त्यानं कागद फाडला आणि टेबलावर सिनेमाच्या सीड्यांची चळत घसरली. वरच्याच सीडीवर एक नटी अशा कपड्यांत होती की मी मान खाली घातली. ज्या माणसानं मला महिनाभर घाबरवलं, त्यानंच हे बॅगेत घालून दिलं होतं! आणि वर विरंगुळा म्हणे!

"ये किसका है?" त्यानं विचारलं. हिंदी मोडकी, पण स्वच्छ.

"मेरा... गिफ्ट है. रख लो साहब, मुझे नहीं चाहिए."

त्यानं भुवया उंचावल्या. मला वाटलं, आता संपलंच. तो म्हणाला, "और क्या है? कंप्युटर?" मी लॅपटॉप आणि फडक्यात गुंडाळलेली डिस्क, दोन्ही टेबलावर ठेवली.

लॅपटॉप चालू केल्यावर पहिलाच जो फोल्डर त्यानं उघडला तो नेमका तोच. पडद्यावर गर्भाशयाचं चित्र आलं. त्याचे कान लाल झाले. तो बाजूला झाला आणि आतून एका बाई अधिकाऱ्याला बोलावून आणलं. डोक्यावर काळा रुमाल, चेहरा शांत. तिनं चित्र पाहिलं, पुढचं पाहिलं, गर्भ महिन्या-महिन्याला वाढतो ती छोटी फिल्म शेवटपर्यंत पाहिली.

"डॉक्टर?" तिनं विचारलं.

"टीचर. बायॉलॉजी."

माझं शाळेचं पत्र तिनं वाचलं. मग फिल्मवर बोट ठेवून इंग्रजीत म्हणाली, "माझी धाकटी बहीण हेच शिकते. तिच्या पुस्तकात इतकं छान नाही." आणि फोल्डर बंद केला. मला वाटलं होतं की असं झालं तर आनंद होईल. प्रत्यक्षात मी नुसती मान हलवली.

राहिली डिस्क. त्या तरुणानं ती जोडली. आत एकच फाइल. "फिल्म?"

"नहीं. शादी. मेरे गाँव की."

त्यानं ती चालू केली. मीही ती पहिल्यांदाच बघत होते, तेही त्या टेबलापाशी उभं राहून, परक्या माणसाच्या खांद्यावरून. आधी आडव्या रेघा आल्या. मग ताशा ऐकू आला. मग आमची गल्ली. काळ्या दगडाच्या भिंती, कोनाडा, ओट्यावर बसलेल्या बाया, आणि त्यांत नऊवारीत हसणारी माझी आजी. मी टेबल धरलं. मामींनी माझा दंड धरला.

"कहाँ है ये?" त्यानं विचारलं.

"अब नहीं है," मी म्हणाले. "भूकंप हुआ. सब गिर गया. यही एक बचा है." भूकंप त्याला कळेना. मी हात हलवून दाखवला. त्या बाईला कळलं, तिनं त्याला अरबीत सांगितलं. त्यानं फाइल बंद करायला हात नेला, आणि तेवढ्यात पडद्यावर वऱ्हाडाची बैलगाडी आली. झूल घातलेले, शिंगांना बेगड लावलेले दोन बैल. पांढरं शुभ्र अंग आणि तोंड काळं.

त्याचा हात थांबला. तो खाली वाकला. "ये... ये कौन सा बैल है?"

मला काय ठाऊक! पण मामी पुढं सरकल्या. इतका वेळ त्या माझ्यामागं उभ्या होत्या. पडद्यावर बोट ठेवून त्याला मराठीतच म्हणाल्या, "देवणी हाय बाबा. आमच्या गावचा. काळ्या तोंडाचा हाय न्हवं, त्याला वानेरा म्हणत्येत. लई गुणाचा. लेकरू पायात आलं तर पाय उचलून धरील, ठेवणार न्हाई."

"देवनी," तो म्हणाला. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि आम्हाला फोटो दाखवला. वाळूत उभा, वशिंडाचा, तगडा काळा बैल आणि दोर धरून एक म्हातारा. "मेरा बाबा. बरका में, हमारे गाँव में." मग दोन्ही मुठी एकमेकींवर टेकवून ढकलून दाखवलं. त्यांच्याकडं बैलांच्या टकरी लागतात, जो मागं हटला तो हरला. मामींनी फोटो लांब धरून पाहिला, बैलाचा खांदा, छाती, पाय. आणि मान डोलावली. "चांगला ठेवलाय. खायला काय घालता?"

मी भाषांतर केलं. "खजूर," तो म्हणाला. "सूखी मछली भी."

"मासळी? बैलाला?" मामी हबकल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बघ. म्हणून बाभळ लागत न्हाई." तो तरुण हसला, ती बाई हसली, आणि शेवटी मीही इतकी हसले की डोळे पुसावे लागले.

सीड्या त्यांनी ठेवून घेतल्या आणि त्यांची चिठ्ठी दिली, पंधरवड्यानं येऊन न्या म्हणून. मी त्या सीड्या न्यायला आजवर गेलेली नाही. डिस्क त्यानं स्वतः फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली.

बाहेर दत्ता घामाघूम होऊन उभा होता. "काय झालं? काय घेतलं?"

"कदम सरांचा विरंगुळा," मी म्हणाले. त्याला काहीच कळलं नाही. गाडीत बसल्यावर मामींनी पहिल्यांदा भूक लागल्याचं सांगितलं. रस्त्याकडेच्या एका हॉटेलात आम्ही वेलचीचा गोड चहा आणि पराठे घेतले. लातुरात चहा कटिंगमध्ये मिळतो, इथं मोठा पेला भरून. मामी म्हणाल्या, "येवढा चहा आपल्याकडं पाहुण्यांना पुरवून पुरवून देत्येत." मी दोन पेले प्याले. कित्येक दिवसांनी मला चव लागत होती.

संध्याकाळी दत्ताच्या कंप्युटरवर फाइलीच्या आणखी दोन कॉप्या केल्या आणि मग अण्णांना फोन लावला. पोचलो म्हणून सांगितलं. कस्टमची सगळी हकीकत सांगितली. बैलाचं सांगितलं.

मग अण्णा म्हणाले, "ते बैल वऱ्हाडाचे न्हाईत. ते आपल्या शेजारच्या बळीनानाचे. वऱ्हाडाची गाडी नाल्यात अडकली व्हती, म्हणून नानानं आपली जुपली." आणि मग ते थांबलेच नाहीत. नानाचं घर कुठं होतं, त्याच्या दारात लिंब कसा होता, त्याच्या पुढं कुणाचं, तिथं ओट्यावर कोण बसायचं, आजी कोणत्या कोनाड्यात दिवा ठेवायची. इतक्या वर्षांत त्या गावाचा एक शब्द ज्यांनी काढला नव्हता, ते घरामागून घर सांगत गल्लीनं चालले होते. दत्ता आणि मामी फोनला कान लावून बसले.

फोनचं कार्ड संपलं तेव्हा ते मारुतीच्या पारापर्यंत आले होते. दत्ता पायात चपला घालून दुसरं कार्ड आणायला खाली पळाला.